सोवळ्यात छापलेली मैया

नवस बोलताना देवाशी थोडं कमी बोलावं, असं माझं आता ठाम मत झालं आहे. तेव्हा नव्हतं. तेव्हा मी जबलपूरच्या ग्वारीघाटावर गुडघाभर पाण्यात उभी राहून, हात जोडून, नर्मदामैयाला भरभरून बोलत सुटले होते.

"मैया, माझ्या केतकीचं काम मार्गी लागू दे. रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला तुझंच चित्र वाण म्हणून लुटीन. चित्रही केतकीच्याच हातचं असेल!"

इथवर ठीक होतं. पण माझी जीभ थांबते होय? पुढं बोलले, "आणि सगळं सोवळ्यात करीन!"

बस. या एका वाक्यानं माझी अशी काही फजिती झाली आहे, की आमच्या गल्लीत अजून माझ्याकडं बघून लोक आधी हात जोडतात आणि मग हसतात. चहा घ्या ना. पण घोट तोंडात धरून ऐकू नका, एवढंच सांगते.

केतकी माझी मुलगी. चांगली बीकॉम झालेली. बँकेच्या परीक्षा द्यायच्या, तर हिनं कॉम्प्युटरवर पत्रिका, पोस्टर, दुकानांचे बोर्ड करायला घेतले. ग्राफिक डिझाइन म्हणतात त्याला. नातेवाईक विचारायचे, "काय करते केतकी?" मी सांगायची, "रंगाचं काम करते." त्यांना वाटायचं, भिंती रंगवते. एकानं तर आमच्याकडं पुट्टी कोणती चांगली म्हणून चौकशी केली!

म्हणून तो नवस. आणि मैया पावली बरं का! आमच्या इथल्या मराठी मंडळाची मोठी स्मरणिका निघायची होती. तिच्याबरोबर पत्रिका, बॅनर, सगळंच. मंडळाच्या अध्यक्ष सुमनताई. कडक बाई. त्या केतकीला म्हणाल्या, "मला मोबाइलवर काही दाखवू नको. मला कागद हातात घेऊन बघायचा असतो. रथसप्तमीला तुझ्या आईकडं येतेच आहे हळदीकुंकवाला. तुझं वाण बघीन आणि तिथंच सांगीन, काम तुला का दुसऱ्याला."

म्हणजे बघा! पोरीचं पहिलं मोठं काम त्या एका कार्डावर टांगलेलं.

आमच्या जबलपुरात रथसप्तमीची मजा वेगळीच असते. त्याच दिवशी नर्मदा जयंती. इकडं संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस, तिकडं घाटावर मैयाचा वाढदिवस. पुण्याच्या बायकांना हा दुहेरी लाभ नाही!

केतकीनं चित्र काय सुरेख केलं होतं! मगरीवर बसलेली मैया, गुलाबी लुगडं, मागं भेडाघाटचे पांढरे खडक, खाली निळंशार पाणी. मगरसुद्धा अशी गोड, की तिला दूधभात भरवावा.

"आता प्रेसला देऊ," केतकी म्हणाली. मी म्हटलं, "चल, मीपण येते." इथंच माझं चुकलं. गेलेच नसते तर काही दिसलंच नसतं!

गोलबाजाराकडच्या एका प्रेसमध्ये गेलो. मोठ्ठं मशीन, खटाखट कागद बाहेर फेकत होतं. मी भक्तिभावानं जवळ जाऊन पाहिलं. कागदावर काय असावं? ढाब्याचं मेनूकार्ड! लाललाल तंदुरी कोंबडी, टांगा वर करून!

माझ्या अंगावर काटाच आला. मी केतकीला दाराबाहेर ओढलं.

"याच मशीनवर मैया छापायची? कोंबडीच्या पाठोपाठ?"

"आई, मशीन साफ करतात ना गं ते."

"मैया मगरीवर बसते, कोंबडीवर नाही! आपण घरी छापू. आपला प्रिंटर आहे. शाकाहारी आहे."

केतकीनं कपाळाला हात लावला. मग रस्त्यात उभं राहून तिनं मला समजावलं. घरच्या प्रिंटरवर रंग नीट येत नाही, कागद पातळ, कडेला पांढरी पट्टी राहते, आणि मुख्य म्हणजे त्या शाईला पाणी चालत नाही. एक थेंब पडला की पसरते.

मी तिच्याकडं बघतच राहिले. "पाणी चालत नाही? नर्मदेला?"

"आई, नर्मदेला नाही, शाईला!"

"ज्या शाईला नर्मदेचं पाणी चालत नाही, ती शाईच कसली?"

आणि मी जिंकल्यासारखी चालू लागले.

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी केतकीला जवळच्या पाटण गावाला जावं लागलं. तिथल्या एका बियाण्याच्या दुकानाचा बोर्ड लावून घ्यायचा होता, मुक्काम मैत्रिणीकडं. जाताना तिनं पेनड्राइव्ह बाबांच्या हातात दिला. "बाबा, हे प्रेसला देऊन या हं. मी बोलून ठेवलं आहे. उद्या सकाळपर्यंत कार्डं देतील. आणि आईला सोबत नेऊ नका!"

ती कोपऱ्यावरून वळली आणि मी यांच्यापुढं हात पसरला. "द्या इकडं."

"अवं, पोरगी सांगून गेली ना? काहून नसत्या भानगडी करून राहिली?"

"नवस तुम्ही बोलला होता का? मी बोलले होते. सोवळ्यात म्हणून शब्द दिला आहे मैयाला. तुम्ही आंघोळ करा."

"सकाळीच केली."

"प्रिंटरला हात लावायची वेगळी करा!"

माघाची थंडी. हे कुडकुडत आंघोळ करून, सोवळ्याची लोकरी धाबळी नेसून कॉम्प्युटरपुढं बसले. मी रेशमी कद नेसले. प्रिंटरखाली पाट ठेवला, भोवती रांगोळी काढली, झाकणावर स्वस्तिक काढलं, हळदकुंकू वाहिलं आणि मनोभावे अक्षता टाकल्या.

अक्षता कुठं गेल्या? कागद जातो त्या फटीत!

"खर्रर्र... कट्... खर्रर्र!" प्रिंटरनं असा आवाज काढला, जणू घशात माशाचा काटा अडकला आहे. शाकाहारी प्रिंटर, आणि हा आवाज! यांनी त्याला उलटा करून हलवला. तांदूळ पडले. पुन्हा हलवला, पुन्हा पडले.

"राशन निघून राहिलं याच्यातून," हे म्हणाले. "थोडा अजून हलवतो, डाळही येईल."

शेवटी एकदाचं पहिलं चित्र बाहेर आलं. आम्ही दोघंही वाकून बघायला लागलो.

गुलाबी शाई संपली होती. लुगडं पिवळं, चेहरा पिवळा, हात पिवळे.

"मैयाला कावीळ झाली का वं?" यांनी हळूच विचारलं.

"हळद लागली आहे," मी म्हटलं. "हळदीकुंकवाचंच तर वाण आहे! तुम्ही छापा." आपण मनात आणलं तर कशात चांगलं दिसत नाही, सांगा बरं?

झाली सगळी छापून. कातरीनं कापली मी. थोडी तिरपी गेली, पण भक्ती सरळ होती.

रथसप्तमीच्या सकाळी घाटावर जाऊन मैयाचं पाणी कळशीत भरून आणलं. दुपारी बायका यायला लागल्या. पहिली आली शेजारची तिवारी भाभी. मोठी भाविक आणि त्याहून मोठा आवाज. तिला हळदकुंकू लावलं, अत्तर लावलं, तिळगूळ दिला, आणि कार्ड हातात देताना माझ्या मनात आलं, अरे, आज मैयाचा वाढदिवस, नुसतं कोरडं काय द्यायचं? मी दूर्वांनी कळशीतलं पाणी कार्डावर शिंपडलं. "नर्मदे हर!"

तिवारी भाभीनं कार्ड कपाळाला लावलं, मग डोळ्यांपुढं धरलं. आणि तिचे डोळे हे असे मोठे झाले.

"दीदी... दीदी! मैया बह रही हैं!"

मी पाहिलं. खरंच हो! चित्रातलं निळं पाणी चित्रातून निघालं होतं आणि कार्डावरून संथपणे खाली वाहत होतं. एक धार तर थेट भाभीच्या मनगटापर्यंत आलेली!

आता तुम्ही म्हणाल, तुला कळलं नाही का? पोरीनं सांगितलं होतं ना? अहो, सांगितलं होतं! पण समोर नर्मदा वाहायला लागल्यावर शाईची आठवण कुणाला येते? माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी दुसऱ्या कार्डावर शिंपडलं, तीपण वाहिली. तिसऱ्यावर शिंपडलं, तर मगरच दिसेनाशी झाली.

"मगरमच्छ कहाँ गया?" भाभीनं विचारलं.

"पानी में गया होगा," मी म्हटलं. मनापासून सांगते, मला खरंच तसंच वाटलं!

झालं. तिवारी भाभी गॅलरीत गेली आणि तिनं सगळ्या गल्लीला हाक घातली. "अरे आओ रे! दीदी के घर मैया प्रगट भई हैं!" अर्ध्या तासात आमच्या दारात चपलांचा डोंगर. कुणी नारळ आणला, कुणी उदबत्ती, कुणी चुनरी. एकीनं कार्डावरचा निळा थेंब बोटावर घेऊन कपाळी लावला. मग काय, सगळ्यांनाच निळा टिळा हवा! मी शिंपडत होते, बायका टिळे लावत होत्या, आणि "नर्मदे हर" च्या गजरानं भिंती हलत होत्या.

मला राहवेना. मी बरगीला नणंदेला फोन लावला. तिथल्या नर्मदेच्या धरणाजवळच राहतात त्या.

"वन्सं, तुमच्याकडं धरणात पाणी वाढलं का हो अचानक?"

"नाही वं. जसं होतं तसंच आहे. काहून?"

"माझ्याकडं आलं आहे!" आणि फोन ठेवला. त्या बिचाऱ्यांनी मग भावाला फोन करून विचारलं, घरात नळ फुटला का.

हे मधे दोनदा दारातून डोकावले. "अवं शैला, ऐक ना, ती शाई..."

"तुम्ही तुमची अश्रद्धा स्वयंपाकघरात ठेवा आणि चहा टाका!"

आणि तेवढ्यात आल्या सुमनताई.

मोतिया रंगाची रेशमी साडी, हातात पर्स, कपाळावर आठी. गर्दीतून वाट काढत आल्या. मी मोठ्या मानानं पाटावर बसवलं, हळदकुंकू लावलं, ओटी भरली. ओल्या नारळाखाली केतकीचं कार्ड. वरून भरपूर पाणी शिंपडलं. अध्यक्षांना कमी कसं शिंपडायचं?

सुमनताईंनी कार्ड बघायला ओटीतून नारळ उचलला. कार्ड उचललं. पदर उचलला. पदरावर हिरवी मगर, अगदी नखांसकट.

"शैला," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "हे काय आहे?"

"मैया आहे, ताई! प्रसन्न झाली!"

"ही केतकीची छपाई आहे? पिवळा चेहरा, तिरका कागद, आणि हात लावला की रंग हातात? उद्या आमच्या स्मरणिकेत मान्यवरांचे फोटो असतील. ते असेच वाहून जायचे का?" त्या उठल्या. "मी दुसरीकडं देते काम. राग मानू नको."

चमत्काराची सगळी धुंदी एका क्षणात उतरली हो. शाई! पोरगी शाई म्हणाली होती!

आणि नेमकी त्याच वेळी केतकी पाटणहून आली. दारात चपलांचा डोंगर, गल्लीभर माणसं, आत गजर. ती किंचाळतच घुसली, "आई! बाबा ठीक आहेत ना?"

"ठीक आहे मी," हे चहाचा ट्रे घेऊन म्हणाले. "तुझी आई सोडून सगळे ठीक आहेत."

केतकीनं माझ्याकडं पाहिलं. माझं कपाळ निळं. भाभीचं निळं. सगळ्या बायकांची कपाळं निळी. मग तिनं सुमनताईंचा पदर पाहिला आणि तिचा चेहरा पडला. रडवेल्या डोळ्यांनी नुसती माझ्याकडं बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं.

आता सांगा, मी काय करायचं? गप्प बसले तर गल्लीत मी संतमाता. बोलले तर मी येडी. पण गप्प बसले तर पोरीचं काम गेलं!

मी पाटावर उभी राहिले आणि ओरडले, "थांबा ताई! यात केतकीचा काही दोष नाही! पोरगी प्रेसला द्या म्हणून सांगून गेली होती. मी घरी छापलं. हा चमत्कार नाही, माझा प्रिंटर आहे!"

तिवारी भाभीनं गहिवरून माझे पाय धरले. "देखो, कितनी विनम्र हैं दीदी! मैया का यश खुद नहीं ले रहीं!"

"अहो भाभी, इंक है इंक!"

"हओ दीदी, आपके लिए इंक है। हमारे लिए तो मैया है।"

मागून गजर, "नर्मदे हर!" मी जितकं सांगे, तितका माझा मान वाढे! सुमनताई दाराशी पोचल्या होत्या. काहीतरी करायलाच हवं होतं. मी धावत आत गेले. यांनी पेन्शनच्या कामासाठी आपला एक मोठा फोटो घरीच छापून घेतला होता. तो घेऊन आले आणि सगळ्यांच्या देखत त्याच्यावर आख्खी ओंजळ ओतली.

"हे बघा! हेपण वाहतात!"

आणि खरंच वाहिले हो. यांच्या मिशा आधी हनुवटीवर आल्या, मग गळ्याशी. चष्मा गालावर उतरला. काळे केस कानांवरून ओघळले.

बायका टक लावून बघत होत्या. मला वाटलं, आता तरी पटलं. तिवारी भाभीनं फोटोकडं पाहिलं, ट्रे धरून उभ्या असलेल्या यांच्याकडं पाहिलं, आणि डोक्यावर पदर घेऊन हात जोडले.

"भाई साहब में भी मैया हैं!"

हे शांतपणे मला म्हणाले, "इतक्या वर्षांत तुला नाही दिसली."

आणि दाराशी एक विचित्र आवाज झाला. सुमनताई! त्या कडक बाई दाराला टेकून हसत होत्या. इतक्या हसल्या, की डोळे पुसायला पदर घेतला आणि मगरीचा हिरवा रंग गालाला लागला. मग केतकीही हसायला लागली. रडता रडता हसली आणि तिनं लॅपटॉप काढला. खरं चित्र दाखवलं. ते गुलाबी लुगडं, ते पांढरे खडक. सुमनताई बराच वेळ बघत राहिल्या.

"कागद हातात घेऊनच बघायचा असतो मला," त्या म्हणाल्या. "उद्या प्रेसवरून एक काढून आण. असंच उतरलं तर काम तुझं."

दुसऱ्या दिवशी केतकी एकटीच प्रेसमध्ये गेली. मी गेले घाटावर, मैयाची माफी मागायला. सोवळ्याचं काय करू, विचारायचं होतं. बघते तर काय, मैयाच्या पाण्यात एकीकडं धुणं चाललेलं, एकीकडं म्हशी डुंबत होत्या, मधेच कुणी गाडी धूत होता, आणि त्यातूनच दिवे तरंगत चालले होते. मैया सगळं पोटात घालून निवांत वाहत होती. मी म्हटलं, जिला म्हशी चालतात, तिला मेनूकार्ड चालणार नाही होय? नमस्कार करून परत आले.

प्रेसची कार्डं आली ती काय देखणी! जाड, गुळगुळीत, मैयाच्या गालांवर लाली. सुमनताईंनी उलटसुलट करून पाहिलं, ओलं बोट फिरवून पाहिलं आणि नुसतं "हं" म्हणाल्या. त्यांचं "हं" म्हणजे काम मिळालं! गल्लीत मी पुन्हा घरोघर वाण दिलं. तिवारी भाभीनं तेवढं कार्डावर पाणी टाकलं, वाट पाहिली, पुन्हा टाकलं. मग हिरमुसून म्हणाली, "दीदी, इसमें वो बात नहीं। आपके घर वाला हो तो दे दो।"

स्मरणिका निघाली. सगळ्या मंडळानं केतकीचं कौतुक केलं. मी प्रत हातात घेऊन आधी तिचं नाव शोधलं. पहिल्याच पानावर, ठळक. डोळे भरून आले. मग शेवटचं आभारांचं पान उघडलं. देणगीदार, जाहिरातदार, प्रेसवाले, आणि अगदी खाली, चौकटीत, सुमनताईंनी घातलेली ओळ: "या स्मरणिकेच्या छपाईत अजिबात हात न घातल्याबद्दल सौ. शैलाताईंचे मंडळ विशेष आभारी आहे."

चौकट केतकीनंच काढली होती. वेलबुट्टीची, फार सुबक.

तेव्हा बायांनो, तुमच्याही घरात कुणी लेक-सून असलं काही करत असेल, तर एवढं करा. तिचं काम तिला हवं तिथं छापू द्या, आपण चुपचाप घरी बसून चहा टाका, आणि माझ्यासारखे तुम्हीपण छापील आभार मिळवा!